नॉर्दर्न सोल : दुर्मीळ रेकॉर्ड, रात्रभर नाच आणि मूळ तबकडीचा हट्ट

पेनाईनकर

इथे गझल, रॉक, नाट्यसंगीत सगळ्यावर धागे आहेत, नॉर्दर्न सोलवर एकही दिसला नाही. मी बोल्टनमध्ये राहतो आणि ह्या संगीताने मला पुरतं धरलंय, म्हणून लिहितोय.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. साठच्या दशकात अमेरिकेत मोटाऊन कंपनीची सोल (म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकप्रिय संगीत) गाणी धडाधड खपत होती. ते बघून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसमधल्या कितीतरी छोट्या कंपन्यांनी तशाच ठेक्याची गाणी काढली. गाणारी बहुतेक कृष्णवर्णीय तरुण मंडळी. कुणाच्या हजारभर तबकड्या निघाल्या, कुणाच्या काहीशेच, आणि बहुतेक आपटल्या. मग तिकडची आवड बदलली, फंक हा नवा प्रकार आला, आणि हा सगळा माल गोदामांत पडून राहिला.

इकडे उत्तर इंग्लंडातल्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतल्या पोरांना मात्र तोच जुना, जलद ठेका हवा होता. लंडनमध्ये 'सोल सिटी' नावाचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिन यांच्या लक्षात आलं की फुटबॉलच्या सामन्याला उत्तरेकडून आलेले लोक नव्या रेकॉर्डकडे बघतही नाहीत. त्यांनी १९७० साली 'ब्लूज अँड सोल' मासिकात 'नॉर्दर्न सोल' असं लिहिलं आणि तेच नाव रूढ झालं. मँचेस्टरचं 'ट्विस्टेड व्हील', स्टोककडच्या टनस्टॉलचं 'गोल्डन टॉर्च' आणि मग 'विगन कॅसिनो' ही त्या रात्रभराच्या नाचांची मोठी ठिकाणं.

आता प्रश्न. आमच्या गल्लीच्या टोकाला कामगारांचा जुना क्लब आहे, तिथे दर महिन्याला सोल नाईट असते. परवा एका तरुण डीजेने लॅपटॉपवरून गाणी लावली. सत्तरीतले एक गृहस्थ नाचता नाचता थांबले, टेबलाशी गेले, रेकॉर्ड कुठे दिसत नाही म्हणून परत आले आणि कोट चढवून निघून गेले. अर्धी सभा त्यांच्या बाजूने, अर्धी डीजेच्या. इथल्या बऱ्याच कार्यक्रमांच्या पत्रकांवर 'फक्त मूळ तबकड्या' असं छापलेलं असतं. म्हणजे पुन्हा छापलेली प्रत नको, सीडी नको, १९६५ची असेल तर १९६५चीच तबकडी हवी.

तुम्हाला काय वाटतं? गाणं तेच असताना तबकडी मूळचीच हवी, ह्यात अर्थ आहे का? आणि ह्या नाचांना कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

सुमी

वाचतेय. एक शंका, विगन कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा का?

पेनाईनकर

सुमी, नाही. फक्त नाव तसं. मूळचं ते 'एम्प्रेस बॉलरूम', जोडीजोडीने नाचायचं जुनं सभागृह. जुगारही नव्हता आणि रात्रभराच्या नाचांना दारूही मिळत नसे.

मृणाल_लीड्स

अगदी मनातला धागा! मी जाते. नियमित जाते.

आधी नाचाबद्दल सांगते, कारण व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की हे सगळं कसरतीचं काम आहे. गिरक्या, मागे पाठीवर पडून झटक्यात उठणं, लाथा हे सगळं आहेच. सत्तरच्या दशकात ब्रूस लीचे चित्रपट जोरात होते, त्याचाही हात त्यात आहे. पण निम्म्याहून जास्त लोक फक्त पायाने नाचतात. सरकत, घसरत, डावीकडून उजवीकडे, वरचं अंग जवळजवळ स्थिर. मैदा सांडावा तशी टाल्कम पावडर जमिनीवर टाकतात, बुटाचा तळ चामड्याचा, म्हणजे पाय अडकत नाही.

आणि मला सगळ्यात भावतं ते हे, की इथे जोडीदार लागत नाही. बाई एकटी येते, एकटी नाचते, एकटी घरी जाते. कुणी येऊन हात पुढे करत नाही, कुणी चिकटत नाही. प्रत्येक जण डोळे मिटून स्वतःच्या गाण्यात, आणि तरी ठरावीक जागी सगळं सभागृह एकदम टाळी देतं. पहिल्यांदा ती टाळी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. भारतात आणि इथेही मी बऱ्याच पार्ट्यांना गेले आहे, इतकं मोकळं कुठेच वाटलं नाही.

मूळ तबकडीबद्दल नंतर लिहिते. माझं मत पेनाईनकरांच्या त्या कोटवाल्या आजोबांच्या विरुद्ध आहे.

बंड्या_नाशिककर

टाल्कम! आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये टाकून बघितली तर सेक्रेटरी पहिल्या गाण्यालाच घसरत गेटपर्यंत जातील. :))

तबकडीवाला

मी पुण्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या तबकड्या जमवतो, सोलचा मला गंध नव्हता. पण मूळ तबकडीचा प्रश्न आमच्याकडेही तितकाच तापलेला असतो, त्यामुळे लिहितो.

मूळ प्रतीत माहिती असते. लेबलाचा रंग, मॅट्रिक्स क्रमांक (साच्याचा तबकडीवर उमटलेला ओळखक्रमांक), कुठल्या कारखान्यात छापली, विक्रीची की रेडिओ केंद्रांना वाटायची, हे सगळं त्या वर्तुळात असतं. आमच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'चं काम मुंबईत १९९०पासून चाललंय ते ह्याचसाठी. कित्येक गायिकांबद्दल आज जे माहीत आहे ते तबकडीवरच्या अक्षरांवरून आणि गाण्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या तोंडाने घेतलेल्या नावावरून. प्रत पुन्हा छापली की हे सगळं पुसलं जातं.

पण वाजवण्याचं म्हणाल तर आम्ही उलट वागतो. लाखेची तबकडी दर वेळी सुईने झिजते. म्हणून एकदा चांगली नोंदवून घ्यायची आणि मूळ प्रत फडताळात ठेवायची. जिची जगात एकच प्रत आहे ती घामाने थबथबलेल्या सभागृहात वाजवणं मला धाडसाचं वाटतं. विनाइल लाखेपेक्षा सोशिक, हे मान्य.

निशाचर

तबकडीवाला, तुमचं बरोबर आहे, पण नॉर्दर्न सोलमध्ये तबकडी फडताळात ठेवली तर खेळच संपतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण मी बरीच वर्षं ह्या रेकॉर्ड विकत घेतो आणि छोट्या कार्यक्रमांत वाजवतोही.

डीजेची किंमत ठरायची ती त्याच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, ह्यावर. त्यासाठी लोक अमेरिकेत जाऊन गोदामं उपसायचे. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' ऐका. १९६५मध्ये चॅम्पियन नावाच्या छोट्या लेबलवर (म्हणजे कंपनीच्या नाममुद्रेखाली), तेही मागच्या बाजूला, आलेलं. तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९७३ साली रिचर्ड सर्लिंग यांना फिलाडेल्फियात एक प्रत मिळाली, ती इकडे वाजली, उत्तरेत सगळ्यांना पाठ झाली, आणि १९८१मध्ये सॉफ्ट सेलने ते गाऊन इंग्लंडात पहिला क्रमांक मिळवला. जगाला त्यांचंच ठाऊक आहे.

मग चोरी सुरू झाली. म्हणजे कुणीतरी नाव वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी शोधायला निघायचं. त्यावर उपाय म्हणजे लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा आणि गायकाचं भलतंच नाव सांगायचं. जमैकन साउंड सिस्टीमवाले (मोठे स्पीकर लावून नाच भरवणारे) लेबल खरवडून टाकत, त्याच जातीची ही युक्ती. एखादं गाणं लोक वर्षानुवर्षं खोट्या नावाने गुणगुणायचे.

सगळ्यात गाजलेली तबकडी फ्रँक विल्सनची, 'डू आय लव्ह यू'. १९६५ची, मोटाऊनच्याच 'सोल' लेबलसाठी केलेली. प्रसिद्धीच्या मोजक्या प्रती निघाल्या, गाणं बाजारात आणायचं रद्द झालं, प्रती नष्ट केल्या. विल्सन पुढे तिथेच मोठे निर्माते झाले, सुप्रीम्ससाठी काम केलं, नंतर धर्मप्रचारक झाले. इकडे सिमोन सूसान नावाच्या विक्रेत्याने ते गाणं 'एडी फॉस्टर' अशा खोट्या नावाने छापून विकलं. म्हणजे विगनचे लोक ज्या गाण्यावर जीव ओवाळून टाकत होते त्याचा गायक फ्रँक विल्सन आहे हे बहुतेकांना माहीतच नव्हतं! मूळची एक प्रत २००९ साली लिलावात २५,७४२ पौंडांना गेली, आणि २०२०मध्ये एक लाख पौंडांच्या व्यवहाराची बातमी आली.

आता मुद्दा. 'फक्त मूळ' हा नियम ह्या सूसानसारख्या नकली छपाईवाल्यांमुळे आला. नकली प्रत वाजवणारा दुसऱ्याच्या शोधावर जगतो. ज्याने मूळ प्रत आणली त्याने पैसे, वेळ, झोप घातली आहे. लॅपटॉपवाल्याने काय घातलं? माझं मत त्या आजोबांच्या बाजूने.

इंद्रजित_प

निशाचर, एक लाख पौंड. त्यातले गायकाला किती मिळाले?

मला ह्या संपूर्ण प्रकाराची हीच बाजू खटकते. डेट्रॉइटमधला एक कृष्णवर्णीय मुलगा जीव तोडून गातो, कंपनी बुडते, तो पुढे कारखान्यात लागतो. तीस-चाळीस वर्षांनी दुसऱ्या देशातले गोरे लोक त्याच्या आवाजाचा तुकडा आपसांत हजारो पौंडांना फिरवतात. त्याच्यापर्यंत छदाम जात नाही. उलट तो जितका अपयशी, तितकी तबकडी महाग! यशस्वी झाला असता तर ती कुणी हातात धरली नसती. हे प्रेम कसलं?

मृणाल_लीड्स

इंद्रजित, मला जे म्हणायचं होतं त्याचा अर्धा भाग तुम्ही बोललात.

मूळ तबकडी विकली तर पैसे एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात. रीतसर हक्क घेऊन पुन्हा छापली तर गायकाला किंवा त्याच्या घरच्यांना काहीतरी मिळण्याची शक्यता असते. लंडनच्या एस ह्या रेकॉर्ड कंपनीचं 'केंट' लेबल १९८२पासून हे काम करतंय. अमेरिकेत जाऊन जुन्या कंपन्यांच्या टेप काढल्या, गायक शोधले, जी गाणी कधी तबकडीवर आलीच नव्हती तीसुद्धा बाहेर काढली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या '१०० क्लब'मधले रात्रभराचे नाच चालवणारे एडी क्रॉसडेल हेच त्या लेबलमागचे गृहस्थ. म्हणून माझं म्हणणं, रीतसर छापलेली प्रत वाजवणाऱ्याला हिणवू नका.

पण 'हे प्रेम कसलं' हे नाही पटलं. गायक मेजर लान्स अमेरिकेत विस्मरणात गेले होते, ते १९७२मध्ये टॉर्चच्या रंगमंचावर गायले तेव्हा सगळं सभागृह त्यांच्यासोबत गात होतं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. एडविन स्टार तर अमेरिका सोडून इंग्लंडातच राहिले आणि २००३मध्ये इथेच गेले. टॉमी हंट इकडेच स्थायिक होऊन गात राहिले. ज्यांना मायदेशात कुणी विचारत नव्हतं त्यांना इथे लोकांनी डोक्यावर घेतलं, हे खोटं कसं म्हणणार?

गिरणगाव_लालबाग

धागा वाचून एका वेगळ्याच जागी पोचलो. माझे वडील लालबागच्या गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. यंत्रांवर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' असं उठावदार अक्षरांत असायचं, ते लहानपणी मी बोटाने गिरवायचो. ओल्डहॅम म्हणजे तुमच्या बोल्टनच्या पलीकडचंच ना? ज्या गावांनी आमच्या गिरण्यांना यंत्रं दिली त्याच गावांतली कामगारांची पोरं शनिवारी रात्री अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांच्या गावातलं संगीत लावून नाचत होती. तीन ठिकाणचे कामगार आणि एकच ठेका. मला हे फार भारी वाटलं.

आमच्याकडे शनिवारची रात्र हनुमान थिएटरच्या तमाशाची. ज्यांना आवडायचं त्यांचं तिकीट पगाराच्या दिवशीच ठरलेलं असायचं.

प्रश्न : तुमच्या भागात गिरण्यांत आपल्याकडचे लोक पुष्कळ होते म्हणतात. ते ह्या नाचांना जायचे का?

पेनाईनकर

दादा, होय, ओल्डहॅम इथून जवळच. उठावदार अक्षरांचं वाचून मस्त वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा कडू आहे. बोल्टन, ब्लॅकबर्न, ओल्डहॅमच्या गिरण्यांत गुजराती, पाकिस्तानी, बांगलादेशी पुष्कळ होते, पण त्यांना बहुतेक रात्रपाळी मिळायची, जी स्थानिकांना नको असे. माझे शेजारी सुरतेकडचे आहेत, त्यांना मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, आम्ही रात्री सुतावर आणि ते रात्री नाचावर, सकाळी बसस्टॉपवर भेट व्हायची, दोघांचेही डोळे लाल. त्या काळी रस्त्यावर मारहाणीची भीतीही होती. त्यांची मुलगी मात्र नंतर जाऊ लागली.

सभागृहांत मुख्यतः गोरे कामगारवर्गीय तरुण, काही कृष्णवर्णीय नाचणारेही. आवळलेल्या मुठीचा बिल्ला तुम्ही पाहिला असेल, 'श्रद्धा ठेव' अशा अर्थाची ओळ असलेला. ती मूठ थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पॉवर चळवळीची.

सुमी

सुतावर आणि नाचावर! काकांना माझा नमस्कार सांगा.

जुना_वैद्य

मी इथे फारसं लिहीत नाही, पण हा विषय निघाला आणि राहवलं नाही. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मी विगनपासून थोड्या अंतरावरच्या एका इस्पितळात ज्युनिअर डॉक्टर होतो. आमच्यासारखे मिरज-पुणे-मुंबईहून गेलेले पुष्कळ जण तेव्हा लँकशायरमध्ये होते, आणि रविवार सकाळची कॅज्युअल्टी हमखास आमच्या वाट्याला यायची.

विगन कॅसिनोचा नाच मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठला संपे. त्यानंतर आमच्याकडे मुरगळलेले घोटे, सुजलेली मनगटं आणि पाणी न प्यायल्याने गळून गेलेली पोरं येत. घाम इतका की अंगावरचा शर्ट पिळावा. आणि हे टाळून चालणार नाही, झोप उडवून तरतरी आणणाऱ्या अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या घेतलेली मुलंही येत. छाती धडधडतेय, बुबुळं मोठी, जबडा आवळलेला, बोलणं थांबत नाही. औषधांची दुकानं फोडून गोळ्या पळवण्याचे प्रकारही तेव्हा होत. ट्विस्टेड व्हील १९७१मध्ये बंद झालं आणि टॉर्च १९७३मध्ये, त्यामागे गोळ्यांची डोकेदुखी होतीच. आज सगळे आठवणींनी भारावून लिहितात, त्यात ही बाजू कुणीतरी सांगायला हवी. काही मुलं फार लवकर गेली.

तरी मला ती पोरं आवडायची. दारू प्यायलेल्या गर्दीसारखी शिवीगाळ नाही, मारामारी नाही. खाणीत काम करणारा एक मुलगा मागे पडून उठताना मनगट दुखावून आला होता. पट्टी बांधून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "डॉक्टर, पुढच्या शनिवारी हा हात जमिनीला टेकवता येईल का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग डावा टेकवीन.

मृणाल_लीड्स

काका, _/\_ . कृपया अजून लिहा. तुम्ही कधी आत गेला होतात?

जुना_वैद्य

एकदा, एका नर्सच्या आग्रहाने. वरच्या सज्जातून बघत उभा होतो. खाली शेकडो माणसं, वर वाफ, टाल्कम आणि घामाचा वास, आणि लाकडी जमिनीचा आवाज गाण्याच्या वर येत होता. शेवटी एकापाठोपाठ तीन गाणी लागली, ती दर आठवड्याला तीच असत असं तिने सांगितलं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. बाहेर आल्यावर बरेच जण पालिकेच्या पोहण्याच्या तलावाकडे निघाले, अंग धुवायला आणि मग गावी जायला. स्कॉटलंडहून, मिडलंड्सहून आलेले असत.

निशाचर

काका, ती तीन म्हणजे टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश यांची गाणी. 'आठच्या आधीची तीन' असंच त्यांना म्हणतात, आणि आजही कुठलाही नाच ह्यांच्यावर संपला की लोकांचे डोळे भरतात. विगन कॅसिनोची पहिली रात्र २३ सप्टेंबर १९७३, डीजे रस विन्स्टन्ली. शेवटची ६ डिसेंबर १९८१. त्या रात्री तिन्ही गाणी झाली तरी लोक हलेनात, म्हणून सगळ्यात शेवटी फ्रँक विल्सन वाजला. पुढे इमारतीला आग लागली, मग पाडली. आज तिथे 'ग्रँड आर्केड' हे खरेदी संकुल आहे.

बंड्या_नाशिककर

म्हणजे आपल्या गिरण्यांसारखंच, फिनिक्सचा मॉल झाला तसं.

रसिक_डोंबिवली

अवांतर : रात्रभर गाणं आणि पहाटे भैरवी हे सवाई गंधर्वला आपणही जगलोय. दहाच्या ध्वनिनियमानंतर पहाटेचे राग ऐकायचे कधी हा प्रश्न राहिलाच. पहाटे तीनला थकलेल्या कानांना जे ऐकू येतं ते संध्याकाळी येत नाही. जुना_वैद्य काकांचं वाचून हे पटलं की ती तीन गाणी दुपारी लावली असती तर कुणी रडलं नसतं.

तबकडीवाला

रसिक, +१. सवाईचा वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

निशाचर यांना एक प्रश्न. नवी गाणी येणारच नसतील तर हे किती वर्षं चालणार? साठच्या दशकाचा साठा कधीतरी संपणारच.

निशाचर

ह्यावरूनच मोठी फूट पडली होती. ब्लॅकपूलच्या मेक्का सभागृहात 'हायलँड रूम' होती. तिथे इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस हे डीजे. लेव्हिन सुट्टीत घरच्यांबरोबर मायामीला जायचा आणि ढीगभर रेकॉर्ड घेऊन यायचा. १९७३च्या सुमारास त्यांनी नव्या, सत्तरच्या दशकातल्या गाण्यांकडे मोर्चा वळवला. कारस्टेअर्स ह्या गटाचं एक गाणं वाजलं आणि लोकांचे दोन तट पडले. विगनवाले म्हणत हे डिस्को आहे, हे आमचं नाही. 'लेव्हिनला हाकला' असे फलकही निघाले. गंमत म्हणजे मेक्का रात्री दोनला बंद व्हायचं आणि तिथलेच लोक गाड्या काढून विगनला जायचे!

विगनवरही आरोप होते. गाणी रेडिओवर आली, 'विगन्स ओव्हेशन'सारखे गट १९७५मध्ये टीव्हीवर दिसू लागले, आणि पर्यटक वाढले. मूळची मंडळी चिडली. १९७७ साली टोनी पामर यांनी ग्रॅनाडा टीव्हीसाठी विगनवर माहितीपट केला, तेव्हाही कॅमेरे आत आलेले बऱ्याच जणांना खपलं नाही. आज तोच माहितीपट बघून आपण सगळे शिकतो.

विगन बंद झाल्यावर स्टॅफर्डच्या 'टॉप ऑफ द वर्ल्ड'ने साठच्या दशकातली, पण कुणीच न ऐकलेली गाणी शोधून काढायचा चंग बांधला. म्हणजे तबकडीवाला, साठा संपत नाही. अजूनही दर वर्षी कुठल्यातरी तळघरातून काहीतरी निघतं.

इंद्रजित_प

निशाचर, हे वाचून मला तुमची बाजू अधिक नीट कळली. पण मग मूळ तबकडीचा नियम शोध घेण्यापुरता ठेवा. स्टॅफर्डवाल्यांनी न ऐकलेलं शोधलं, त्याला मान आहे. ज्या गाण्याची रीतसर प्रत आज दहा-पंधरा पौंडांना मिळते ते वाजवायला हजारो पौंडांची तबकडीच हवी, हा फक्त पैशाचा दरवाजा झाला. सत्तरच्या दशकात गिरणीतला पोरगा आठवड्याच्या पगारात रेकॉर्ड घेऊ शकत होता. आज त्याच गावातला, गोदामात पार्सलं भरणारा पोरगा फ्रँक विल्सन कुठून आणणार? त्याला लॅपटॉपवरून वाजवू द्या. नाहीतर हे संगीत पेन्शनरांबरोबर जाईल.

पेनाईनकर

इंद्रजित, हे मला फार लागलं, कारण परवाचा तो डीजे नेमका गोदामातच कामाला आहे.

आता माझं मत सांगतो. तबकडी वाजताना डीजेच्या हातात एक वस्तू असते जी पन्नास-साठ वर्षांपूर्वी डेट्रॉइटमध्ये कुणीतरी छापली, ती फसली, समुद्र ओलांडून आली आणि ह्या खोलीत पोचली. ते बघायला मला आवडतं, आणि नाचणाऱ्यांतले म्हातारे त्या लेबलच्या रंगावरून गाणं सुरू होण्याआधीच पाय सरकवायला लागतात, हे मी पाहिलंय. पण त्या आनंदापायी एका विशीतल्या मुलाला दारातून परत पाठवावं असं मला वाटत नाही. मूळ तबकडीच्या रात्री वेगळ्या ठेवाव्यात, पत्रकावर तसं लिहावं. आणि गल्लीतल्या क्लबात जो मन लावून गाणी निवडतो त्याला वाजवू द्यावं. नकली छपाईला मात्र कुठेही थारा नको. रीतसर प्रत किंवा विकत घेतलेली फाइल, ज्यातून गायकापर्यंत काही पोचू शकेल.

क्लबाच्या कमिटीला मी हे लिहून दिलंय. आजोबांशीही बोललो. ते पुढच्या महिन्यात स्वतःची रेकॉर्डची पेटी घेऊन येणार आहेत, पहिला तास त्यांचा, दुसरा त्या मुलाचा.

निशाचर

मी अजूनही आजोबांच्या बाजूनेच, पण कमिटीचा तोडगा मान्य. त्या मुलाला म्हणावं, पेटीतली लेबलं नीट बघून घे. आजोबा कागद चिकटवून आले नाहीत म्हणजे मिळवली!

सुमी

मी सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला भावाकडे येतेय. कुठे जाऊ, आणि काय घालून जाऊ? नाच अजिबात येत नाही.

मृणाल_लीड्स

सुमी, ये गं नक्की! ट्विस्टेड व्हीलची जुनी इमारत आता नाही, पण मँचेस्टर-बोल्टन-स्टोक पट्ट्यात जवळजवळ दर शनिवारी काही ना काही असतं. पहिल्यांदा रात्रभराचा नाच नको, एखादी संध्याकाळची सोल नाईट बघ. सैल कपडे घाल, गोल घेराचा स्कर्ट असेल तर उत्तम. बुटाचा तळ चामड्याचा, रबराचे स्नीकर्स नकोत, गिरकी घेताना गुडघा दुखावतो. बदलायला एक टॉप आणि टॉवेल बरोबर ठेव. टाल्कम आपली आपण नेऊ नकोस, आता बऱ्याच सभागृहांत बंदी आहे. ग्लास हातात घेऊन नाचायच्या जागेत जायचं नाही आणि मध्ये उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, ह्या दोन गोष्टी पाळल्यास की सगळे तुला सांभाळून घेतील. आधी कडेला उभी राहून टाळ्या कुठे पडतात ते ऐक. तारीख कळव, मी लीड्सहून येते.

पेनाईनकर

सुमी, बोल्टनच्या क्लबालाही ये. महिन्याचा शेवटचा शुक्रवार. व्यक्तिगत निरोप करतो.